संक्षेप कोणत्या भाषेचा?

लखनौच्या मानकनगरात रेल्वेची मानके ठरतात. हौशी बिनतारी संदेशांची मानके मात्र इंग्रजी समोर ठेवून ठरली. अधिक येणाऱ्या अक्षरास आखूड संकेत, हे मोर्सचे तत्त्व पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये पुढे आणलेल्या पीएसके३१ पद्धतीतही आहे. तीत इंग्रजीतील छोट्या 'ई'ला २ बिट पुरतात. क्षीण संकेतांवर चालणाऱ्या एफटी८ मध्ये मुक्त मजकूर १३ चिन्हांचा, आणि त्याच्या ४२ चिन्हांत देवनागरी नाहीच. रोमन लिपीचा आश्रय घ्यावा, तर 'काल' आणि 'काळ' यांतील भेद पुसला जातो. संक्षेप हा केवळ गणिताचा नव्हे, भाषेविषयीचाही निर्णय असतो. म्हणूनच मराठी वर्णांची वारंवारता मोजून संकेतांचे कोष्टक रचण्याचे काम एकट्या अभियंत्यांवर सोपविणे योग्य नव्हे. ते भाषाभ्यासकांचेही कर्तव्य होय.