बोहारणीच्या गाठोड्यातला इतिहास

'व्हिंटेज' कपड्यांसाठी पनवेलहून हार्बर लोकल धरून फॅशन स्ट्रीट गाठणाऱ्यांनो, तिथे मिळतो तो बहुधा नवाच, निर्यातीतून उरलेला माल. जुन्या वस्त्रांचा खरा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात बसून झाला. तो केला बोहारणीने.

जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देणारी ही स्त्री बहुतांशी मूळच्या गुजरातेतील वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजाची. धड कपडे धुऊन-शिवून कष्टकऱ्यांना विकले जात. विरलेल्या सुती कापडाच्या चिंध्या यंत्रे पुसायला कारखान्यांत जात. आपल्याला मात्र आठवते ती तिची घासाघीस! माझ्या मते वस्त्रांचा इतिहास लिहिताना तिला वगळणे हा अन्याय आहे.

संग्रहालयांत शेले-शालू टिकले. मजूर बाईचे रोजचे नऊवारी लुगडे टिकले नाही, कारण ते झिजेपर्यंत नेसले गेले आणि मग गोधडीत शिवले गेले. पैठण्याही सुरक्षित नव्हत्या. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे, आणि त्या धातूसाठी कित्येक जरीवस्त्रे जाळली गेली.

घरात जुनी गोधडी असेल तर उसवलेल्या कडेतून आतले थर पाहा. कोणते लुगडे कोणाचे, कुठल्या सालचे, हे आजीला विचारून लिहून ठेवा. गोधडी बोहारणीला देण्याआधी.