वर्गणी नव्हे, आगाऊ रक्कम

'क्राउडफंडिंग' हा शब्द आता आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्याही तोंडी बसलाय. कोणी लघुपटासाठी पैसे जमवतं, कोणी पुस्तकासाठी, तर कोणी स्वतः तयार केलेल्या पटावरच्या खेळासाठी, म्हणजे बोर्ड गेमसाठी. घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, "म्हणजे वर्गणीच ना रे?" आणि पोरगं "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळं होतं. माझा आक्षेप त्या 'तसंच काहीतरी'ला आहे.

गणपतीला देतो ती वर्गणी. शाळेच्या खोलीला देतो ती देणगी. पतसंस्थेत ठेवतो ती ठेव. खेळ छापून होण्याआधी घेतलेले पैसे यातल्या कशातच बसत नाहीत. ती न झालेल्या वस्तूची आगाऊ रक्कम असते. मराठी वाचकाला हे नवीन नाही. 'प्रकाशनपूर्व सवलत' म्हणून आपण किती ग्रंथांचे पैसे आधी भरले आणि मग महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट पाहिली!

अमेरिकेत 2009 साली सुरू झालेल्या किकस्टार्टरने हीच रीत जगभर नेली. तिथे रकमेचं लक्ष्य आणि मुदत आधी जाहीर करायची. मुदतीत लक्ष्य गाठलं तरच पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचा एक पैसाही जात नाही. मात्र पुढे वस्तू मिळेल याची हमी ते संकेतस्थळ घेत नाही, ती जबाबदारी करणाऱ्याची. मुंबईच्या झैन मेमन यांचा 'शासन' हा खेळ 2019 साली याच मार्गाने आला. त्यात खेळणारे राजकारणी होतात, धोरणांवरच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि त्यातून निधी, प्रसिद्धी, वजन, विश्वास कमावत मतदार खेचतात. आपल्या मातीतल्या विषयाला जगभर गिऱ्हाईक मिळतं, हे त्यातून दिसलं.

आता थोडं गणित. आकडे माझेच, उदाहरणापुरते. समजा धुळ्याच्या एका मुलीने आखाजीवर खेळ केला आणि 500 जणांनी 1,500 रुपयांप्रमाणे साडेसात लाख भरले. घरात पेढे वाटले जातील. पण एका प्रतीमागे छपाई 700, खोकं आणि टपाल 250, संकेतस्थळ व बँकेची कपात 120. उरले 430, म्हणजे एकूण 2 लाख 15 हजार. चित्रकाराचे पैसे, नमुने, जाहिरात हे सगळं त्यातच. त्यात उत्साहाच्या भरात "लक्ष्य ओलांडलं, आता सोबत लाकडी सोंगट्या फुकट" असं जाहीर केलं. सोंगट्यांचे 150 आणि वाढलेल्या वजनाचं टपाल 100. उरले फक्त 90 हजार! अशा मोहिमा बुडतात त्या बहुतेकदा लबाडीने नाही, या फुकटच्या सोंगट्यांनी.

लबाडीचंही उदाहरण आहे. 2012 साली अमेरिकेत एका बोर्ड गेमसाठी 35 हजार डॉलर मागितले होते. 1,246 लोकांनी 1 लाख 22 हजारांवर दिले. पुढच्याच वर्षी खेळ रद्द झाल्याचं जाहीर झालं. तिथल्या व्यापार आयोगाने 2015 मध्ये कारवाई केली, तेव्हा आरोप असा होता की पैसे घरभाड्यावर आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवण्यावर गेले. सुमारे 1 लाख 11 हजार डॉलर भरण्याचा आदेश निघाला, पण त्या माणसाकडे पैसेच नसल्याने वसुली स्थगित झाली. थोडक्यात, कायदा आला तोवर तिजोरी रिकामी.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फारच व्यवहारी बोलता. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाचं काय? माणशी वर्षाला एक पैसा, तेव्हाच्या रुपयाचा चौसष्टावा भाग. अशा पैशांतून तळेगावला 1908 साली काचेचा कारखाना उभा राहिला. कबूल! पण तिथे देणाऱ्याला माहीत होतं की आपल्या घरी काचेचा पेला येणार नाही. तो देशी धंद्यासाठी देत होता आणि तसंच त्याला सांगितलं होतं. पैशाला नाव बरोबर दिलं होतं. माझा मुद्दा तोच.

आपल्या भागात तर याला जास्तच महत्त्व. पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून मुलीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन लांबलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे कोणी "आधी पैसे द्या, वस्तू नंतर" म्हणत आलं, तर त्यांनी संशयाने पाहिलं यात त्यांचं काय चुकलं? तो संशय गोड बोलून जात नाही, हिशोब दाखवूनच जातो.

म्हणून खेळ करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच. भारतातला पत्ता आणि बँकखातं देऊन किकस्टार्टरवर मोहीम उघडता येत नाही, त्याची खंत करू नका. आधी आपल्याच गावातल्या शंभर जणांना खेळ खेळायला लावा. कंटाळून कोण कधी उठतं ते वहीत लिहा. छापखान्याचा दर लेखी घ्या, मगच किंमत सांगा. आलेल्या पैशांसाठी वेगळं खातं ठेवा. दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांना कळवा, उशीर होणार असेल तर तो आधी कळवा. आणि कोणी "वर्गणीच ना?" म्हणालं, तर "नाही काका, तुमच्या खेळाची आगाऊ रक्कम आहे, आणि यात एवढी जोखीम आहे" असं स्पष्ट सांगा. चार माणसं कमी होतील. होऊ द्यात. जी उरतील ती तुमच्या दुसऱ्या खेळालाही पैसे देतील.

बघा पटतंय का.