धुक्यातल्या आकड्याशी घासाघीस नको

उत्तरेत थंडी वाढली की दिल्लीची विमाने रखडतात आणि पुणे, नागपूरच्या विमानतळांवरही वैतागलेले प्रवासी विचारू लागतात, ‘इतकी यंत्रे असताना धुक्यात विमान का उतरत नाही?’ यंत्रे आहेत आणि विमाने उतरतातही. प्रश्न आहे तो किती कमी दृश्यमानतेत कोणी उतरायचे, या मर्यादेचा. ती वैमानिकाच्या मर्जीवर सोडता कामा नये आणि ती पाळण्याची तयारी विमान कंपनीने हिवाळ्याआधीच करायला हवी.

धावपट्टीवर किती दूरचे दिसते ते ‘आरव्हीआर’ या मापाने मीटरमध्ये सांगतात. नेहमीच्या ‘कॅट-१’ पद्धतीत ते किमान ५५० मीटर लागते आणि निर्णयाची उंची २०० फूट असते. तिथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर विमान पुन्हा वर न्यायचे, कारण तिथून जमीन जेमतेम सतरा सेकंदांवर असते. ‘कॅट-३ बी’मध्ये आरव्हीआरची मर्यादा ५० मीटरपर्यंत खाली येते, पण तेव्हा विमान ऑटोपायलट उतरवतो. उड्डाणाला मात्र दिल्लीत १२५ मीटर लागतात, कारण धावपट्टीवर वेग घेणारे विमान मध्यरेषेवर ठेवण्याचे काम वैमानिकाच्या डोळ्यांचे असते. म्हणून नुकतेच उतरलेले विमान पुढे तासभर जागचे हलत नाही, यात विसंगती काहीच नाही.

अनुभवी कॅप्टनला प्रत्यक्ष स्थिती अधिक कळते, मग त्याचे हात का बांधायचे, असा आक्षेप घेतला जातो. पण धुक्यात कॅप्टनवर इंधनाचे, वेळापत्रकाचे आणि मागे बसलेल्या बड्या माणसांचे दडपण असते. १० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्कजवळ पोलंडचे अध्यक्ष लेख काचिन्स्की यांचे विमान दाट धुक्यात किमान उंचीच्याही खाली गेले आणि ९६ जण मृत्युमुखी पडले. हजार फुटांवर येण्यापूर्वीच आरव्हीआर मर्यादेखाली गेला, तर पुढे उतरायचेच नाही, हा नियम अशा वेळी कॅप्टनला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देतो.

प्रवाशांच्या हालांचे काय, हा दुसरा आक्षेप खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईकडे वळवावे लागले आणि प्रवासी विमानाशेजारी विमानतळाच्या उघड्या जमिनीवर बसून जेवले. कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, तो विमान वळवल्याबद्दल नव्हे, तर वळवल्यानंतरच्या बेफिकिरीबद्दल. कॅट-३ साठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक असे तिन्ही पात्र लागतात; एक कमी पडला की बाकीचे दोन निरुपयोगी. धुके येणार हे ठाऊक असूनही प्रशिक्षित वैमानिक नेमले नाहीत, म्हणून त्याच महिन्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड ठोठावला. म्हणजे अनेकदा प्रवाशाला अडवते ते धुके नव्हे, तर कंपनीची काटकसर.

तेव्हा मर्यादा सैल करा, ही मागणी चुकीची आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या प्रत्येक उड्डाणासाठी कॅट-३ पात्र वैमानिक नेमले होते की नाही, हे कंपन्यांनी जाहीर करावे. प्रवाशांनी जाब विचारायचा तो याचा.