चहातली साखर गेली, ताटातली राहिली

‘डॉक्टर, साखर तर मी केव्हाच सोडली आहे, मग तपासणीत ती वाढलेली कशी?’ साठी ओलांडलेल्या अनेकांच्या तोंडून हा प्रश्न ऐकावा लागतो. चहा बिनसाखरेचा, लग्नातली जिलेबी वर्ज्य, दिवाळीचे लाडू नातवंडांच्या वाट्याला. एवढा संयम पाळूनही अहवालातला आकडा खाली येत नाही. मग निराश होऊन काही जण जेवणच तोडू लागतात. उतारवयात हा उपाय मूळ दुखण्याहून अधिक धोक्याचा ठरू शकतो. म्हणून या लेखात साखरेच्या डब्यापेक्षा रोजच्या ताटाकडे पाहू या.

घरोघरी दिसणारा एखाद्या आजी-आजोबांचा दिवस आठवा. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि सोबत चार मारी बिस्किटे. न्याहारीला पोहे किंवा उपमा. दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण. चार वाजता पुन्हा चहा-टोस्ट. रात्री ‘हलके’ म्हणून मऊ भात. बिस्किटे सोडली, तर या दिवसात साखरेचा दाणा नाही. परंतु जवळजवळ प्रत्येक घास पिष्टमय आहे. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. पचनात ती तुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरते. एक चहाचा चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. चार मारी बिस्किटांत मिळून सुमारे १७-१८ ग्रॅम कर्बोदके असतात. चहातला एक चमचा वाचवला आणि बशीतून तीन-साडेतीन चमच्यांएवढी कर्बोदके घेतली, असा हा हिशेब होतो. गूळ आणि मध यांचीही गोष्ट वेगळी नाही. रक्ताच्या दृष्टीने त्याही साखराच.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा इन्सुलिनच्या मदतीने आपले स्नायू शोषून घेतात. स्नायू ही शरीरातली ग्लुकोजची कोठी आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात, ही कोठी लहान होते आणि पूर्वी सहज पचणारा तोच भात आता रक्तातली साखर वाढवू लागतो. त्यात दात पडलेले, कवळी टोचणारी, घरात एकटे माणूस. उसळ कोण शिजवणार आणि कोण चावणार? साहजिकच मऊ भात आणि चहात बुडवलेले बिस्किट हाच आहार होऊन बसतो. त्यात प्रथिने तुटपुंजी, म्हणून स्नायू आणखी झिजतात आणि हे दुष्टचक्र चालू राहते.

‘मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह?’ या समजुतीवरही विसंबू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचे हे वैशिष्ट्य जगापुढे मांडले आहे. समान उंची-वजनाच्या युरोपीय माणसाच्या तुलनेत आपल्या अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. दिसायला सडपातळ, पण पोटाचा घेर वाढलेला, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे.

आपण कोठे आहोत हे तपासणीवरून कळते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था समजली जाते. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. मात्र त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या अवस्थेतून मागे फिरणे अनेकांना शक्य असते, आणि वय झाले म्हणून ती वाट बंद होत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात आहार, चालणे आणि माफक वजनघट यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. साठी ओलांडलेल्यांमध्ये ही घट त्याहूनही अधिक, ७१ टक्के होती.

मग ताट कसे वाढावे? निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ, पिठले, दही, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. बटाटा, रताळे, साबुदाणा यांची गणना भाजीत न करता भाताबरोबर करावी. भाकरीत चोथा आहे म्हणून ती चांगली. पण भाकरीही मोजूनच खावी. जेवताना आधी भाजी, उसळ आणि घट्ट वरण खावे, भात शेवटी घ्यावा. एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. फळ अख्खे खावे, रस काढून पिऊ नये. पेरू कडक वाटला तर पपईच्या दोन-तीन फोडी पुरेत.

चावता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण मऊ म्हणजे केवळ भात नव्हे. मोड आणून मऊ शिजवलेले मूग, मुगाच्या डाळीचे धिरडे, पातळ पिठले, मऊ उकडलेले अंडे, दह्यात कालवलेली किसलेल्या काकडीची कोशिंबीर, डाळ घालून शिजवलेला दुधी किंवा पालक, हे सारे कवळीवाल्यांनाही जमते. चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे द्यावेत. चावत नसतील तर त्यांचे पीठ ताकात कालवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने किती घ्यावीत, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उपवासाचाही विचार केला पाहिजे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस म्हणजे पिष्टावर पिष्ट. श्रद्धा सोडण्याचे कारण नाही. राजगिऱ्याची लहानशी भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी, लाल भोपळ्याची भाजी यांनीही उपवास घडतो. औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र उपवासाआधी गोळ्यांची मात्रा विचारून घ्यावी.

जेवण झाल्यावर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. बाहेर पडता येत नसेल तर घरातल्या घरात, आधाराला भिंत धरून चालले तरी चालेल. चालणाऱ्या स्नायूंची कोठी उघडी असते. रक्तातले ग्लुकोज ती आत घेते.

आता काळजी घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. वृद्धांच्या बाबतीत साखर फार उतरणे ती थोडी चढण्यापेक्षा तातडीचे संकट असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भूक ही तिची नेहमीची लक्षणे. पण म्हातारपणी कधी केवळ असंबद्ध बोलणे, चिडचिड किंवा तोल जाणे एवढेच दिसते आणि ‘वयामुळे होते’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ती अजूनही कमीच असेल तर तेवढेच साखरपाणी पुन्हा द्यावे. वर आल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणून घरात वाढलेल्या आकड्यावरून रागावणे नको आणि जेवण तोडणेही नको. कोणाची साखर किती असावी, हे वय, इतर आजार आणि औषधे पाहून डॉक्टर ठरवतात. ऐंशीच्या आजोबांना चाळिशीच्या मुलाचे लक्ष्य लावायचे नसते.

येत्या पंधरवड्यात एवढेच करून पाहा. एका वहीत तीन दिवस, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीने काय आणि केव्हा खाल्ले ते लिहून ठेवा, बिस्किटेही मोजा. मग प्रत्येक जेवणासमोर एकच प्रश्न विचारा: यात डाळ, दही किंवा अंडे कोठे आहे? जिथे उत्तर मिळणार नाही, तिथून सुरुवात करा. पुढच्या भेटीत ती वही अहवालासोबत डॉक्टरांना अवश्य दाखवा.