भरतीनंतरची बांधिलकी

सशस्त्र दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जवान निवृत्त होतात. ऐन चाळिशीच्या आसपास गणवेश उतरवून गावी परतणाऱ्या या माणसाचे आणि त्याच्या कुटुंबाचे पुढे काय होते, हा प्रश्न दिल्लीत बहुधा निवृत्तिवेतनाच्या आकड्यांतूनच पाहिला जातो. 'समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन' योजनेचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला. तीवरून रस्त्यावर आणि न्यायालयातही लढाई झाली. मात्र मंजूर झालेला पैसा हक्काच्या माणसाच्या हाती वेळेवर का पडत नाही, या साध्या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. त्याचे उत्तर पुष्कळदा कागदावरच्या एका नावात दडलेले असते.

जवानाचा विवाह आणि अपत्यजन्म यांची नोंद लष्करी परिभाषेत 'पार्ट टू ऑर्डर'ने होते. ती झाली नाही, किंवा चुकीची झाली, तर जवानाच्या पश्चात पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडते. महाराष्ट्रात हा पेच अधिकच अवघड आहे. माहेरचे नाव एक, सासरी ठेवलेले दुसरे आणि 'आधार'वर छापले गेलेले तिसरेच, अशी स्त्री गावोगाव भेटते. २०२१ पासून निवृत्तिवेतन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीकडे जाऊ लागले. खिडकीवरचा कारकून कधीकाळी समजून घेत असे ती तफावत संगणक समजून घेत नाही.

अशा वेळी त्या स्त्रीने जावे कोठे? उत्तर आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. परंतु हे कार्यालय राज्य शासनाच्या अखत्यारीत येते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असते. याउलट पुणे, कोल्हापूर, नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथील भरती कार्यालये लष्कराची असून गावांशी त्यांचा संबंध थेट आहे. कोणत्या तालुक्यातून किती मुले येतात, कोणत्या गावात फौजेची परंपरा आहे, हे त्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावणारे सातारा जिल्ह्यातील अपशिंगे असो की कोल्हापूरचे सैनिक टाकळी, तरुण हवे असतात तेव्हा लष्कर या गावांना विसरत नाही. मग त्यांच्या म्हाताऱ्यांची आणि विधवांची आठवण राज्य शासनावर सोपवून मोकळे होणे कितपत उचित?

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'अग्निपथ' योजनेने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर कायम होणार. उर्वरित सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परतणार. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. परतणाऱ्यांना योजनेच्या अटींनुसार निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि २००३ पासूनच्या अंशदायी आरोग्य योजनेचा लाभही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांना आरक्षण जाहीर झाले असले, तरी ज्याला माजी सैनिक ही संज्ञाच लागू नाही, त्याने सैनिक कल्याण कार्यालयाचा उंबरठा कोणत्या नात्याने ओलांडायचा? त्याला नावानिशी ओळखणारे लष्कराचे सर्वांत जवळचे दार भरती कार्यालयाचेच उरते.

यासाठी नवी योजना वा मोठा खर्च नको. भरती मेळाव्यासाठी जिल्हा प्रशासन मैदान, पाणी, बंदोबस्त पुरवतेच. तेथेच सैनिक कल्याण कार्यालयाचे एक टेबल मांडले जावे. मेळाव्याला आलेल्या माजी सैनिकाचा हयातीचा दाखला आणि वीरपत्नीच्या कागदांतील तफावत तेथेच तपासली जावी. निवड झालेल्या मुलाच्या आईवडिलांची नावे भरतीच्या दिवशीच ताडून पाहावीत. अविवाहित अग्निवीराचे वारस बहुधा तेच असतात. सेवेत मृत्यू ओढवल्यास ४८ लाखांचा विमा कुटुंबाला मिळतो, ही गोष्ट मातापित्यांना त्यांच्या भाषेत सांगितली जावी. आणि काय मिळणार नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे.

भरती अधिकाऱ्याचे काम निवडीचे, कल्याणाचे नव्हे, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैरलागू नाही. कल्याणाची भाषा भरतीचे आमिष ठरू शकते आणि मेळाव्याभोवती घोटाळणाऱ्या दलालांना ती आयतीच सापडेल. म्हणूनच आश्वासन देण्याचा अधिकार भरती कार्यालयाला नको. त्याने माहिती द्यावी, कागद तपासावा आणि प्रकरण लेखी पोच घेऊन योग्य कार्यालयाकडे सोपवावे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

दिल्लीत भरती महासंचालनालय आणि केंद्रीय सैनिक मंडळ ही दोन्ही कार्यालये वर्षानुवर्षे रामकृष्णपुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये शेजारी नांदत आली. त्यांचे जिल्ह्यातील हस्तक मात्र परस्परांना अनोळखी राहतात. हे अंतर एका संयुक्त परिपत्रकाने मिटू शकते. ज्या हाताने मुलाचे नाव पटावर चढवले, त्याच हाताने ते अचूक लिहिले गेले की नाही, एवढे पाहिले तरी उद्याच्या कित्येक मातांची पायपीट वाचेल.