मुदत उलटल्यानंतरचा परतावा

सराफी आणि कापडाच्या व्यापारात ‘जांगड’ हा शब्द जुना आहे. गिऱ्हाईक माल घरी नेई, घरच्यांना दाखवी. पसंत पडला तर किंमत चुकती करी, न पडला तर जसाच्या तसा पेढीवर परत आणी. या रिवाजाला दोन आधार होते. माल नेणारा ओळखीचा असे आणि परत येणारा माल कोरा असे. वापरलेले मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरे किंवा शिलाई यंत्रे ऑनलाइन विकणाऱ्या आजच्या दुकानदाराला यांपैकी एकही आधार नाही. गिऱ्हाईक दूरच्या गावी, कधी न पाहिलेले. आणि वस्तू मुळातच हाताळलेली. अशा व्यवहारात परतीची सात दिवसांची मुदत संपून दोन-तीन आठवडे लोटल्यावर ‘वस्तू परत घ्या’ असा निरोप येतो, तेव्हा घरातच दोन मते होतात. मुलगा म्हणतो, ‘मुदत संपली, विषय संपला.’ वडील म्हणतात, ‘घेऊन टाक, गिऱ्हाईक तुटता कामा नये.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांनीही वस्तूकडे पाहण्यापूर्वीच निकाल दिलेला असतो.

उशिरा आलेल्या मागणीत वस्तुतः दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. विकताना केलेले वर्णन खरे होते काय, हा पहिला. आणि मधल्या दिवसांत वस्तूचे काय झाले, हा दुसरा. हे प्रश्न वेगळे केले की न्यायाची वाट दिसू लागते. वर्णनातील उणिवेचा तोटा वर्णन करणाऱ्याने सोसावा, विलंबाने झालेला तोटा विलंब करणाऱ्याने.

कायद्याची मांडणीही बरीचशी याच धाटणीची आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम ४२ सांगते की, खरेदीदाराने वाजवी काळ उलटून गेल्यावरही नकार न कळवता माल स्वतःकडे ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. वाजवी काळ किती, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. मात्र स्वीकारामुळे खरेदीदार अगदीच निराधार होत नाही. माल नाकारण्याचा हक्क सामान्यतः जातो. पण वर्णन चुकीचे ठरल्यास किंमत कमी करून मागण्याचा किंवा भरपाईचा मार्ग त्याला मोकळा राहतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याहून पुढे जातो. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावर नमूद केलेल्या मुदतीत नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल, तर ३० दिवस धरले जातात. म्हणजे बिलावर मुदत न लिहिणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, सातावरून तिसांवर जाते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजारमंचावरील विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही. घरातील जुना फ्रिज एकदाच विकणारी व्यक्ती या नियमांच्या कक्षेत येत नाही. नियमितपणे जुना माल विकणारी पेढी मात्र येते. तेव्हा दुकानाने स्वतः लिहिलेल्या सात दिवसांमुळे खोट्या वर्णनाची जबाबदारी पुसली जाते, असे मानणे धोक्याचे आहे.

एका वापरलेल्या मोबाइलचे उदाहरण घेऊ. समजा तो १४,००० रुपयांना विकला, वर्णनात बॅटरीची क्षमता ८६ टक्के असे लिहिले आणि विक्रीच्या दिवशीचे त्या आकड्याचे छायाचित्र जपून ठेवले. एकोणिसाव्या दिवशी गिऱ्हाईक कळवते की, संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. आकडा आजही ८५-८६ असेल, तर वर्णन खरे होते. येथे सौम्य शब्दांत नकार देणे योग्य आहे. शक्य असल्यास नवी बॅटरी कोठे व साधारण किती खर्चात बसवून मिळेल, एवढी माहिती द्यावी. दया म्हणून असा फोन परत घेतला, तर दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आणि मधल्या काळात उतरलेला बाजारभाव पेढीच्या अंगावर पडतो. शिवाय वेळेत निर्णय घेणाऱ्या गिऱ्हाइकावरही तो अन्यायच होय.

आता दुसरा प्रसंग. वर्णनात पडदा मूळ कंपनीचा असे लिहिले होते. चाळिसाव्या दिवशी दुरुस्तीच्या निमित्ताने गिऱ्हाइकाला तो बदललेला असल्याचे समजले. विक्रेत्यालाही हे ठाऊक नसेल. त्याने फोन दुसऱ्याकडून विश्वासाने घेतला असेल. तरी शब्द त्याचा होता. गिऱ्हाइकाने दोष लपवला नाही, त्याला तो दिसण्यासारखाही नव्हता. पुरावा पाहून, बदललेल्या पडद्याचा तसाच फोन बाजारात ११,५०० रुपयांना मिळत असेल, तर फरकाचे २,५०० रुपये परत द्यावेत. गिऱ्हाईक परतीवरच ठाम असेल, तर फोन घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. चाळीस दिवसांचा हिशेब येथे पुढे करू नये.

तिसरा प्रसंग सौजन्याचा आहे. घरात आजारपण होते, पाकीट उघडलेच नाही, मुदत चार दिवसांनी हुकली. येथे गिऱ्हाइकाचा हक्क नाही, पण पेढीला मन मोठे करता येते. वाहतूक खर्च गिऱ्हाइकाने सोसावा आणि वस्तू तपासून पैसे परत मिळतील, असे कळवणे उभयतांना परवडते. मात्र ही सवलत आहे, नियम नव्हे, हे लिहून द्यावे.

चौथ्या प्रसंगी सावधपणा हवा. चांगला फोन नेऊन त्याच प्रकारचा बिघडलेला फोन परत पाठवणारे लोकही असतात. यावर उपाय विक्रीपूर्वीच करावा लागतो. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो; तो बिलावर लिहावा. चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, पाकीट बंद करतानाचे चित्रण जपावे. ओरखडे, बदललेले भाग, सोबत नसलेला चार्जर हे सारे वर्णनात आधीच सांगावे. ‘नव्यासारखा’ या शब्दाने पुढची भांडणे निर्माण होतात. ‘मागच्या बाजूला दोन बारीक ओरखडे’ या शब्दांनी ती मिटतात. परत आलेला फोन आयएमईआय जुळवून, पाणी शिरल्याची खूण पाहून आणि जुने खाते काढले आहे याची खात्री करूनच स्वीकारावा. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. निरोपात आलेल्या नव्या क्रमांकावर नव्हे. मुद्दलाबरोबर क्रेडिट नोटचीही आठवण ठेवावी, कारण जीएसटीच्या हिशेबात परताव्याची नोंद तिच्यावाचून पुरी होत नाही.

उत्तराची भाषाही महत्त्वाची आहे. निरोप आल्याच्या दिवशीच पोच द्यावी आणि निर्णयाचा दिवस सांगावा. नकार द्यायचा असल्यास तो असा असावा: ‘नमस्कार. आपण कळवलेली अडचण वाचली. विक्रीच्या दिवशी बॅटरीची क्षमता ८६ टक्के होती. त्याचे छायाचित्र सोबत पाठवत आहोत. वस्तू वर्णनाप्रमाणे असल्याने मुदतीनंतर ती परत घेता येणार नाही. बॅटरी बदलायची झाल्यास आम्ही माहिती देऊ.’ यात कोणावर आरोप नाही आणि खोटी आशाही नाही. वाईट अभिप्रायाची धमकी आली, म्हणून निर्णय बदलू नये. मात्र आपली चूक आढळली, तर धमकीची वाट न पाहता बदलावा.

अशा प्रत्येक मागणीची एक वेगळी वही ठेवणाऱ्या पेढीला काही महिन्यांत एक गोष्ट दिसून येते. त्याच त्या तक्रारी पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोष गिऱ्हाइकांच्या विलंबात नसून वर्णनाच्या एखाद्या ओळीत किंवा माल आणून देणाऱ्या एखाद्या दलालात असतो. ती ओळ सुधारणे आणि त्या दलालाकडून माल घेणे थांबवणे, हे परताव्याच्या वादापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.