पडद्यावर वय वाढत नाही

26 जुलै 2022 रोजी अमेरिकेतील एका 77 वर्षांच्या अभिनेत्याच्या निधनाची बातमी जगभर गेली. त्यांचे कामकाज पाहणाऱ्या मंडळींनीच तसे निवेदन प्रसिद्ध केले होते. श्रद्धांजल्या वाहिल्या जाऊ लागल्या, जुनी छायाचित्रे झळकली आणि काही तासांतच खुलासा आला, की टोनी डाऊ हयात आहेत. ते कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत होते. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या पत्नी लॉरेन यांना ते गेले असे वाटले, आणि त्या व्याकूळ अवस्थेत त्यांनी तसे कळवले होते.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही एक चूक होती, दुरुस्त झाली आणि संपली. मला मात्र ती वाचताना घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या माझ्या वाचकांची आठवण झाली. त्या प्रसंगाकडे परत यायचे आहे. पण आधी हे टोनी डाऊ कोण, ते सांगायला हवे.

अमेरिकेत 4 ऑक्टोबर 1957 रोजी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ नावाची कौटुंबिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आई, वडील, दोन मुलगे, टुमदार घर, आणि धाकट्याच्या हातून दर आठवड्याला होणारा काहीतरी घोटाळा, एवढाच तिचा ऐवज. धाकटा थिओडोर ऊर्फ बीव्हर म्हणजे जेरी मॅथर्स, तेव्हा नऊ वर्षांचा. थोरला वॉली म्हणजे टोनी डाऊ, वय बारा. 1963 च्या जूनपर्यंत 234 भाग झाले आणि मालिका थांबली. खरे म्हणजे ती थांबली नाहीच. तिचे पुनःप्रक्षेपण पुढे कित्येक दशके चालू राहिले. शाळेतून घरी आलेल्या नव्या नव्या पिढ्या तोच नऊ वर्षांचा बीव्हर पाहत मोठ्या झाल्या. बीव्हरची भूमिका करणारा मुलगा मात्र तोवर बाप्या झाला होता, त्याचे केस विरळ झाले होते आणि त्याला कर्जाचे हप्ते भरायचे होते.

आपल्याकडे 1953 च्या ‘श्यामची आई’तील श्याम म्हणजे माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि जाणकार नाट्यसमीक्षक झाले, तरी लोकांच्या मनात ‘श्याम’च राहिले. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

जेरी मॅथर्स यांच्या वाट्याला तर आणखी विचित्र अनुभव आला. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना बीव्हर तिथे मारला गेला अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात ते व्हिएतनामला गेलेच नव्हते. बर्कलीच्या विद्यापीठातून 1973 मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, बँकेत नोकरी केली, घरे-जमिनींच्या खरेदी-विक्रीत उतरले. ते धडधाकट होते, तरी त्यांच्या मृत्यूवर विश्वास ठेवणारे लोक वर्षानुवर्षे भेटत राहिले. हे ऐकून हसू येते खरे, पण मला त्यामागे एक निष्ठुर गोष्ट दिसते. जो मुलगा मनात ठसला आहे त्याने म्हातारे होणे लोकांना पटत नाही. त्यापेक्षा त्याचे मरणे पटते.

त्या मालिकेतील इतर मुलांच्या वाटा फार वेगवेगळ्या झाल्या. लबाड, गोडबोल्या एडीचे काम करणारे केन ऑसमंड यांना त्या भूमिकेच्या शिक्क्यामुळे पुढे कामे मिळेनात. 1970 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिरले. 1980 मध्ये एका चोराचा पाठलाग करताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अंगातले संरक्षक जाकीट आणि कमरपट्ट्याचे बक्कल यांनी जीव वाचवला. जाड्या लंपी झालेले फ्रँक बँक रोख्यांचे दलाल झाले. बीव्हरचा मित्र व्हाइटी म्हणजे स्टॅन्ली फाफारा यांच्या आयुष्याची अनेक वर्षे अमली पदार्थांनी गिळली. 1995 मध्ये ते त्यातून सुटले, पोर्टलंडमध्ये साधेपणाने राहू लागले; पण यकृत आधीच खिळखिळे झाले होते आणि 2003 मध्ये ते गेले. आईची भूमिका करणाऱ्या बार्बरा बिलिंग्जली मात्र 94 वर्षांचे आयुष्य जगल्या.

आता टोनी डाऊ. हा मुलगा मुळात पोहण्यातला आणि सूर मारण्यातला. त्यात त्याने पदके मिळवली होती. ओळखीच्या एका जीवरक्षकाबरोबर निवड-चाचणीला सहज म्हणून गेला आणि वॉली झाला. देखणा, समजूतदार, धाकट्याला सांभाळून घेणारा थोरला भाऊ. प्रत्येक आईला असा मुलगा हवा होता आणि प्रत्येक मुलाला असा भाऊ. मालिका संपल्यावर विशीत पाऊल टाकताच या मुलाला नैराश्याने गाठले.

त्यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने सांगितले, की हा आजार त्यांच्या आईच्या माहेरच्या बाजूलाही होता. म्हणजे दोष एकट्या प्रसिद्धीला देता येणार नाही. परंतु सगळे जग ज्याला आनंदी, निश्चिंत मुलगा म्हणून ओळखते, त्याने ‘मला सकाळी उठवत नाही’ असे कोणाला सांगावे? भेटणारा प्रत्येक माणूस वॉलीला भेटायला आलेला असे. टोनी डाऊ यांनी औषधे घेतली, समुपदेशन घेतले, आणि विसाव्या शतकातले बडे कलावंत असे काही बोलायला धजत नसत त्या काळात ते जाहीरपणे बोलले. नैराश्याविषयीच्या मार्गदर्शक चित्रफितीतही त्यांनी काम केले. दिग्दर्शन केले, बांधकामाची कामे केली आणि उतारवयात शिल्पकलेत रमले. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात ते झाडांच्या गाठाळ बुंध्यांची लाकडे गोळा करीत, त्यांतून आकार काढीत आणि काही आकार काशात ओतून घेत. त्यांचे एक शिल्प 2008 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. तिथे कोणी वॉलीला ओळखत नसणार. मला वाटते, त्यांना त्याचे बरेच वाटले असेल.

इथे एक घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले मामा तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. स्नेहसंमेलनात ते नकला करीत. तहसीलदाराची, कीर्तनकाराची, एसटीच्या वाहकाची. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांनी हळूहळू बाहेर जाणे सोडले. जेवण निम्म्यावर आले. पहाटे तीनला जाग येई ती येईच. पोट साफ होत नाही, पाठ दुखते, अशा तक्रारी वाढल्या आणि आम्ही त्यांना पोटाच्या आणि पाठीच्या डॉक्टरांकडे नेत राहिलो. माजी विद्यार्थी येत आणि म्हणत, “सर, तो वाहक करून दाखवा ना!” मामा करून दाखवीत. सगळे पोट धरून हसत आणि समाधानाने सांगत जात, की सर अजून तसेच आहेत. पाहुणे गेल्यावर मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हे फक्त मामींना माहीत होते. त्या मला म्हणाल्या, “अरे, तो मुखवटा झाला आहे आता.” मी वैद्यकीय विषयांवर लिहिणारा माणूस, आणि मी त्यांना काय सांगितले? “मामी, त्यांचे मन रमवा.” या सल्ल्यापायी आठ महिने गेले. ते मी अजून विसरलो नाही.

शेवटी कुटुंबाच्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. थायरॉइड आणि बी-12 तपासून झाले, औषध सुरू झाले. गुण यायला पाचेक आठवडे लागले. मामींनी आणखी एक गोष्ट केली. पाहुणा आला की त्या दारातच सांगत, “आज नकला नाहीत. बसा, चहा घ्या, सरांना तुमचे काही सांगा.” सुरुवातीला लोक गोंधळले. मग खरोखरच स्वतःचे सांगू लागले, आणि मामा ऐकू लागले.

उतारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्याच्या रूपात येत नाही, म्हणून ते ओळखू येत नाही. ते भूक मंदावणे, पहाटे लवकर जाग येणे, अंगदुखी, चिडचिड, आवडीच्या गोष्टीतून मन उडणे या रूपांत येते. कधी विसराळूपणाच्या रूपात येते आणि घरचे लोक स्मृतिभ्रंश समजून हातपाय गाळतात. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. औषधाचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात; तोवर धीर धरावा लागतो, आणि बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते. ‘जगून काय करायचे’ असे उद्गार वारंवार येऊ लागले तर ते लाडिक समजू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे, आणि शुश्रूषा करणाऱ्यांनीही स्वतःसाठी ती वापरायला हरकत नाही.

जेरी मॅथर्स यांच्या बाबतीत संकट निराळ्या वाटेने आले. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यांचा केटरिंगचा व्यवसाय होता, वजन बेसुमार वाढले होते आणि तपासणीत टाइप 2 मधुमेह निघाला. असेच चालू राहिले तर फार वर्षे उरलेली नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ते त्यांना लागले. आखलेला आहार आणि व्यायाम यांनी त्यांनी 18 किलोच्या वर वजन उतरवले आणि पुढे मधुमेहावर ठिकठिकाणी व्याख्याने देऊ लागले. बीव्हरला पाहायला आलेल्या माणसांना ते रक्तातल्या साखरेविषयी सांगत. आयुष्यभर चिकटलेल्या नावाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

मात्र हे उदाहरण पुढे करून सत्तरीच्या आजोबांना उपाशी ठेवू नका. मॅथर्स तेव्हा पन्नाशीच्या आत होते. वय वाढल्यावर साखर फार खाली जाणे हे थोडी वर राहण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. चक्कर, पडणे, हाड मोडणे हे सारे त्यातूनच येते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे उद्दिष्टही वृद्धांसाठी डॉक्टर थोडे सैल ठेवतात. त्यापेक्षा डोळे, मूत्रपिंडे यांची वार्षिक तपासणी चुकवू नका आणि पाय रोज पाहा. वाकून पाय दिसत नसतील तर ते घरच्यांनी पाहावेत.

आता पुन्हा जुलै 2022 कडे. टोनी डाऊ यांना हॉस्पिसची सेवा होती. रोग बरा करण्याचे उपचार थांबवून वेदना, धाप, अस्वस्थता कमी ठेवण्यावर भर देणारी ही शुश्रूषा. आपल्याकडेही ती आता काही शहरांत घरी येऊन दिली जाते. अशा रुग्णाजवळ रात्रंदिवस बसलेल्या माणसाकडून लॉरेन यांच्यासारखी चूक होणे मुळीच अस्वाभाविक नाही. शेवटच्या दिवसांत श्वासाची लय बदलते. काही श्वास खोल, मग उथळ, मग अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ काहीच नाही, आणि पुन्हा एक श्वास. हातपाय गार पडतात, नखे निळसर होतात, हाकेला ओ मिळत नाही. कित्येक रात्री झोप न झालेल्या डोळ्यांना तो थांबलेला क्षण शेवटचाच वाटतो.

म्हणून अशा घरांनी दोन गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात. पहिली, बाहेर कळवण्याचे काम शुश्रूषा करणाऱ्याकडे नको. भाऊ, जावई, शेजारी, कोणीतरी एकजण नेमावा आणि डॉक्टरांनी येऊन खात्री केल्यावरच त्याने दूरध्वनी फिरवावेत. दुसरी, उशाशी बसणारे माणूस दर काही तासांनी बदलावे. ‘मीच बसणार’ असा हट्ट मायेपोटी असतो, पण थकलेला हात औषधाची मात्रा चुकवतो. रुग्ण बोलत नसला तरी त्याला ऐकू येत असण्याचा संभव असतो, तेव्हा खोलीत इतरांशी बोलताना त्याचे भान ठेवावे आणि त्याच्याशी त्याच्या नेहमीच्या नावाने बोलावे.

चुकीची बातमी मागे घेतल्यावर टोनी डाऊ यांच्या मुलाने वडील अजून हयात असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी, 27 जुलैच्या सकाळी, ते गेले. घरची माणसे तेव्हा जवळ होती.